खोली मिळाली; समता मिळाली काय?



परक्या गावी आपण रात्री उतरतो. लॉजच्या मालकापुढे उभे राहतो. तो नाव लिहून घेतो, भाडे घेतो आणि खोलीची किल्ली हातावर ठेवतो. जात विचारीत नाही. या व्यवहारात आपल्याला समता मिळाली असे म्हणावे, की केवळ एक खोली मिळाली असे म्हणावे? प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. ज्यांच्या वाडवडिलांना कधी कोणी दारात अडवले नाही त्यांना तो सुचणारही नाही. परंतु धर्मशाळेच्या पायरीवरून परत फिरलेल्या माणसांची आपण लेकरे आहोत. रात्रीच्या निवाऱ्याचा प्रश्न आपल्यासाठी नेहमीच माणूसपणाचा प्रश्न राहिला आहे.

परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्यातील बडोद्याचा प्रसंग आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. तरीही धम्मात नव्याने आलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी तो थोडक्यात सांगतो. अमेरिकेत व इंग्लंडात शिकून आल्यावर १९१७ साली बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी त्या शहरी गेले. हिंदूंच्या हॉटेलात आपल्याला जागा मिळणार नाही हे ते जाणून होते. म्हणून ते एका पारशी पथिकाश्रमात गेले. तेथे पारशांखेरीज कोणाला ठेवीत नसत. पण राखणदाराला चार पैसे हवे होते. दिवसाला दीड रुपया ठरला, वहीत पारशी नाव लिहिले गेले आणि खोली मिळाली. अकराव्या दिवशी सकाळी दहाबारा पारशी हातात लाठ्या घेऊन वर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्यास त्यांनी बजावले. साऱ्या बडोद्यात त्या विद्वानाला दुसरे छप्पर मिळाले नाही. सार्वजनिक बागेत वेळ काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या लिखाणात त्यांनी स्वतःच ही हकीकत सांगितली आहे.

यातील एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. भाडे ठरलेले होते आणि ठरल्याप्रमाणे दिले जात होते. राखणदाराची काही तक्रार नव्हती. म्हणजे व्यवहारापुरती बाबासाहेबांना खोली मिळालेलीच होती. ती हिरावून घेतली बाहेरून आलेल्या लाठ्यांनी.

आता या प्रश्नाचा विचार मला नव्याने का करावा लागला ते सांगतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आईला घेऊन थायलंडला गेलो होतो. बौद्धांचा देश डोळ्यांनी पाहावा ही तिची कित्येक वर्षांची इच्छा. बँकॉकच्या गर्दीत दोन दिवस काढून आम्ही रात्रीच्या बसने उत्तरेकडील नान या गावी गेलो. सुमारे दहा तासांचा प्रवास. लाओसच्या सरहद्दीला लागून असलेल्या प्रांताचे हे मुख्य ठिकाण, पण आपल्याकडच्या एखाद्या शांत तालुक्याच्या गावासारखे. याच नावाची नदी गावाजवळून वाहते आणि दक्षिणेत पिंग नदीला मिळून तिची चाओफ्राया होते. गावाच्या मध्यभागी वाट फूमिन नावाचा जुना विहार आहे. ‘वाट’ म्हणजे तिकडे विहार. चारी दिशांना चार दरवाजे, आणि मध्ये पाठीला पाठ लावून बसलेल्या चार बुद्धमूर्ती. कोणत्याही दाराने आत या, तथागतांचे मुख तुमच्याकडेच असते. गावाला पाठ दाखवणारी बाजूच त्या विहाराला नाही.

आमचे हॉटेल विहारापासून पायी दहा मिनिटांवर होते. दुमजली घर, बारा खोल्या, जिन्याच्या पायथ्याशी चपला ठेवण्याची फळी, रात्री दिव्याभोवती जमणाऱ्या पाली. भाडे रोजचे साडेचारशे बात, म्हणजे आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी साध्या लॉजला जे पडते साधारण तेवढेच. मालकीण पन्नाशीची बाई. तिला इंग्रजी तुटपुंजे, आम्हाला थाई मुळीच नाही. मोबाईलवरच्या भाषांतराने काम भागले. तिने आमचे पासपोर्ट घेतले, त्यांवरील माहिती उतरवून घेतली (परदेशी पाहुण्याची खबर चोवीस तासांत सरकारला कळवावी असा तेथील नियम आहे), हात जोडून मान लववली आणि किल्ली दिली. एवढे सारे पाच मिनिटांत उरकले.

खोलीत आल्यावर आई पलंगाच्या काठावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “तिनं आडनाव न्हाई इचारलं?”

मी म्हटले, “आई, आडनाव पासपोर्टावर आहेच. तिने वाचलेही असेल. पण त्यावरून तिला काही कळत नाही.”

वाचकहो, ही गोष्ट मी आईला समजावून सांगितली, तशी आपणांसही सांगतो. थायलंडमध्ये सामान्य माणसाला आडनावच नव्हते. १९१३ साली राजाने कायदा केला आणि मग घराघराने आडनावे घेतली. दोन निराळ्या कुळांचे आडनाव एक असू नये अशी व्यवस्था ठेवली गेली. आजही तेथे माणसाला त्याच्या पहिल्या नावाने ओळखतात. शिक्षकाला, अधिकाऱ्याला, मंत्र्यालाही. लांबलचक आडनावावरून कोणाचे कूळ मूळचे चिनी असावे हे ओळखणारे लोक तिकडे आहेत. परंतु आडनाव ऐकून पाण्याचा पेला द्यावा की वरून ओंजळीत पाणी ओतावे हे ठरवण्याची रीत तेथे नाही. आपल्याकडे आडनाव हीच पहिली चौकशी असते. आडनावावरून समजले नाही तर गाव विचारतात. गावावरून समजले नाही तर ‘गावात घर कोणत्या बाजूला?’ असे विचारतात. हे तीन प्रश्न चुकवीत आपल्या कित्येक पिढ्यांनी प्रवास केला आहे. ते प्रश्न जेथे कोणाच्या ओठावर येतच नाहीत असे गाव आईने वयाच्या साठाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिले.

अशा वेळी मनाला दोन मोह पडतात. दोन्ही तपासून पाहणे हे उपासकाचे कर्तव्य आहे, कारण कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्टही तपासूनच घेण्यास सांगितले.

पहिला मोह असा की, हा बौद्ध देश आहे, म्हणून येथे विषमता नाही. हे खरे नाही. थायलंडमध्ये दर शंभरांत नव्वदांहून अधिक माणसे बौद्ध आहेत. तरीही त्याच देशात पंधराव्या शतकापासून ‘सक्दिना’ नावाची पद्धत होती. प्रत्येक माणसाला त्याच्या दर्जाप्रमाणे एक आकडा लावलेला असे. दासाचा आकडा ५, आणि उपराजाचा आकडा १,००,०००. दास्य कायद्याने पुरते संपले ते १९०५ साली. आजही समोरचा वयाने किंवा हुद्द्याने किती मोठा यावर जोडलेले हात किती उंच न्यावेत हे ठरते. स्त्रियांना उपसंपदा देऊ नये असा आदेश तेथील संघराजांनी १९२८ साली काढला. म्हणून भिक्खुणी धम्मनंदा यांना २००३ साली श्रीलंकेत जाऊन उपसंपदा घ्यावी लागली. आणि ज्या नान प्रांतात आम्हाला पाच मिनिटांत खोली मिळाली तेथे डोंगरात ह्मोंग, मिएन, लुआ असे अनेक आदिवासी समाज राहतात. अशा समाजांतील पुष्कळांना पिढ्यान्‌पिढ्या त्या देशाचे नागरिकत्व मिळालेले नव्हते. नोंद आहे पण नागरिकत्व नाही अशी सुमारे ४ लाख ८० हजार माणसे सरकारी हिशेबात होती. त्यांना हक्क लवकर मिळावेत म्हणून तेथील मंत्रिमंडळाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये निर्णय घेतला. नागरिकत्व नसलेल्याला नेमून दिलेल्या भागाबाहेर जायचे तर परवानगी काढावी लागत आली आहे. म्हणजे मी मुंबईहून उठून नानला जाऊन राहू शकतो, आणि नानच्याच डोंगरात जन्मलेल्या माणसाला दुसऱ्या गावच्या हॉटेलात एक रात्र राहण्याआधी कागदाची काळजी करावी लागते! बाबासाहेबांनी आपल्या लिखाणाला ‘व्हिसा’चे नाव का दिले असेल याचा विचार मी त्या रात्री पुष्कळ वेळ करीत होतो. स्वतःच्या देशात परका ठरलेला माणूस कोठेही असो, त्याचे दुःख एकाच जातीचे असते.

म्हणून बौद्ध देश म्हणजे आदर्श देश असे समजून डोळे मिटू नयेत. तसेच तेथे जे दिसेल ते सारे धम्म समजून उचलूही नये. आमच्या हॉटेलच्या अंगणात खांबावर एक छोटे घर होते. तिकडे घरोघर, दुकानोदुकानी असे घर दिसते. त्या जागेचा राखणदार आत्मा त्यात राहतो अशी समजूत. त्यापुढे फुले, उदबत्ती आणि लाल सरबताची बाटली रोज ठेवलेली असे. आईने विचारले, “हे काय, यांचा म्हसोबा?” मी होय म्हटले. जागा घेताना तिच्या आधीच्या धन्याला प्रथम निवारा द्यावा, ही त्यामागची भावना गोड आहे. पण आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. जन्माने बौद्ध असलेल्याने वाडवडिलांकडून आलेले पुष्कळ काही न तपासता जवळ ठेवले असेल. आपण तपासून, सोडून, मग आलो आहोत. त्या बाईला नावे ठेवण्याचे आपल्याला कारण नाही, आणि ते घर आपल्या अंगणात आणण्याचेही कारण नाही.

दुसरा मोह याच्या उलट आहे. तो शिकलेल्यांना अधिक पडतो. तो म्हणतो, यात धम्माचा काय संबंध? तुम्ही पैसे दिलेत, तिने खोली दिली. पैशाला जात नसते. आपल्या लोकांनी पैसा मिळवावा, म्हणजे सारे दरवाजे आपोआप उघडतील. नोकरीपेशातील आपले अनेक बांधव आज असे बोलतात. यात थोडे सत्य आहे, ते नाकारू नये. पण बडोद्याला पैसा नव्हता काय? दीड रुपया रोज ठरलेला होता. पैशाने राखणदाराचे मन वळवले. जिन्यावर आलेल्या लाठ्यांना तो अडवू शकला नाही. आजही शहरात आगाऊ रक्कम हातात घेऊन उभ्या असलेल्या आपल्या तरुणांना आडनाव कळताच ‘खोली कालच दिली’ असे उत्तर मिळते. पैशाची समता ही गल्ल्यापुरती असते. भोवतालच्या समाजाची जोवर मूक संमती आहे तोवरच ती टिकते.

मग नानमध्ये निराळे काय होते? मालकीण बडोद्याच्या राखणदाराहून फार सज्जन होती असे मला म्हणायचे नाही. कदाचित दोघेही सारखेच साधे, पोटापाण्याच्या मागे लागलेले. फरक एवढाच की तिच्या जिन्यावर लाठ्या घेऊन कोणी येणार नव्हते. शेजाऱ्याला विचारण्यासारखा तो प्रश्नच नव्हता. दर्जा तेथेही आहे, पण दर्जा बदलतो. जन्माने विटाळ लागतो ही कल्पना त्या शेजाराच्या डोक्यात नाही. तात्पर्य, एका माणसाचा चांगुलपणा आपल्याला एका रात्रीची खोली देतो, तर समाजाची सवय आपल्याला निर्धास्त झोप देते. धम्म म्हणजे माणसामाणसांतील योग्य व्यवहार असे बाबासाहेबांनी सांगितले ते याच अर्थाने. एकटा माणूस स्वतःपुरता सदाचारी असू शकेल, परंतु धम्म दोन माणसांत असतो आणि शेजारात मुरतो.

गावातील एक दृश्य सांगतो. शुक्रवार ते रविवार संध्याकाळी विहाराजवळ रस्त्यावर खाण्याचा बाजार भरतो. मोकळ्या मैदानात चटया अंथरतात, त्यांवर ठेंगणी गोल मेजे मांडतात. ज्याने त्याने गाड्यावरून आपले जेवण घ्यावे आणि जेथे जागा असेल तेथे मांडी घालून बसावे. आम्ही बसलो त्या मेजापाशी आधीच एक म्हातारे जोडपे बसले होते. त्यांनी आपली पाने जरा सरकवली, एवढेच. आपल्याकडे सहभोजनासाठी सभा भरवाव्या लागल्या, ठराव करावे लागले, वर्तमानपत्रांत टीका सोसावी लागली. तेथे त्याला नावच नाही. जे सहज घडते त्याला नाव लागत नाही.

परंतु खोली असो की मेज, तेथेही शेवटी आपण पैसे दिलेले असतात. जेथे पैसा मुळीच नाही अशी एक गोष्ट तिसऱ्या दिवशी पहाटे घडली, आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले.

त्यासाठी आईचे थोडे सांगायला हवे. आई चोवीस वर्षे अंगणवाडीत मदतनीस होती. पोरांसाठी खिचडी शिजवायची. गावातील काही घरांची मुले घरून डबा आणीत. काही मुलांना सांगून ठेवलेले असे, आणि ती आपली ताटली मागे घेत. चार-पाच वर्षांची लेकरे ती! त्यांना काय कळते? पण हात मागे घेणे एवढे त्यांना शिकवलेले होते. याबद्दल आईने कधी तक्रार केली नाही, पण घरी आल्यावर ती त्या दिवशी किती ताटल्या मागे गेल्या हे मोजून सांगत असे. त्या मोजणीवर मी लहानाचा मोठा झालो.

नानमध्ये पहाटे सहाच्या सुमारास भिक्खू भिक्षाटनाला निघतात. अनवाणी, एका मागे एक, कोणाशी न बोलता. मालकीण रोज अंगणाच्या दारात चिकट भाताच्या लहान पुड्या घेऊन उभी राहत असे. त्या दिवशी तिने आईला जवळ बोलावले, चपला काढायला खुणावले आणि भाताची एक पुडी तिच्या हातात दिली. आई क्षणभर मागे सरली. इतक्यात पहिले भिक्खू समोर येऊन थांबले. विशीतला तरुण. त्याने पात्रावरचे झाकण काढले आणि पात्र पुढे धरले. आईने भात त्यात ठेवला. त्याने आशीर्वचनाचे पाली शब्द म्हटले आणि तो पुढे गेला. तो कोण, आई कोण, दोघांनाही ठाऊक नाही.

खोलीत आल्यावर बऱ्याच वेळाने आई म्हणाली, “भांडं त्यानं पुढं केलं. मागं न्हाई.”

त्यानंतर तिने एक रोखठोक प्रश्न विचारला. विहारात तिने पाहिले होते की बाईच्या हातून भिक्खू वस्तू थेट घेत नाहीत. मध्ये कापड पसरतात, त्यावर ती ठेवायची. “मग हा इटाळ नव्हं का?” मी तिला सांगितले की हा ब्रह्मचर्याचा नियम आहे आणि तो सर्व स्त्रियांना सारखा आहे. “राणीलाबी तसंच?” “राणीलाही तसेच.” तिने मान हलवली. “मंग ठीक हाय. पर बायांना भिक्खू होऊ देत न्हाईत, ते ठीक न्हाई.” माझ्या मते या दोन वाक्यांत सारा विवेक आला. जो नियम माणसाने स्वतःवर घातला आणि सर्वांशी सारखा पाळला तो संयम होय. जो नियम दुसऱ्यावर त्याच्या जन्मामुळे लादला तो अन्याय होय, मग तो चीवराच्या आडून आलेला का असेना.

भिक्षापात्राची ही रीत तथागतांपासूनची आहे. भिक्षेला निघालेल्या भिक्खूने घर गाळू नये, श्रीमंताचे निवडू नये, गरिबाचे टाळू नये, ओळीने जावे. पाली ग्रंथांत याला ‘सपदानचारिका’ म्हणतात. ज्या समाजात कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये यावर सारी उतरंड उभी होती, तेथे पंचवीस शतकांपूर्वी हा नियम करणे म्हणजे केवढी क्रांती! ज्या संघात सुनीत भंगी थेर झाला, ज्या संघात उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा मिळाली आणि त्या राजपुत्रांनी त्याला वंदन केले, त्या संघाचे पात्र आईच्या पुढे आले होते. हॉटेलच्या मालकिणीने आईला जात विचारली नाही हा झाला व्यवहार. तिने स्वतःच्या पुण्यकर्मातला वाटा उचलून आईच्या हातावर ठेवला, ही झाली मैत्री. व्यवहाराचा हिशेब पावतीवर येतो. मैत्रीचा हिशेब पावतीवर येत नाही.

म्हणून माझे उत्तर असे आहे. खोली मिळणे हा आपला हक्क आहे, आणि तो हक्क म्हणूनच मागावा, उपकार म्हणून नव्हे. आपल्या घटनेच्या १५व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले सर्वांना खुली केली. १९५५ च्या कायद्याने धर्मशाळेत प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला. या हक्कासाठी भांडावे लागले तर भांडावे. परंतु हक्काने दार उघडते. आत आल्यावर आपली पाने सरकवून जागा करून देणारे मन कायद्याने तयार होत नाही. स्वातंत्र्य आणि समता यांना बंधुता सांभाळते, आणि ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर बुद्धांच्या शिकवणीतून घेतली, असे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात सांगितले होते. त्याचे मर्म हेच.

आता हा आरसा स्वतःकडे वळवला पाहिजे. आजवर आपण पाहुणे म्हणून बोललो. पण आपण यजमानही झालो आहोत. आपल्यातील अनेकांनी घरे बांधली, वरच्या मजल्यावर खोल्या काढल्या, त्या भाड्याने देतो. खोली पाहायला आलेल्या मुलाला आपण काय विचारतो? नव्याने दीक्षा घेतलेले कुटुंब वस्तीत राहायला येते, कोणी मातंगांतून आलेले, कोणी चर्मकारांतून, कोणी भटक्या-विमुक्तांतून. त्यांनी त्रिशरण घेतले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, घरातील देव विसर्जित केले, भावकीचा रोष पत्करला. आणि पहिल्याच वंदनेनंतर त्यांच्या कानावर काय येते? “तुम्ही मूळचे कोण?” जो प्रश्न ऐकून आपले बाप खाली मान घालीत तोच प्रश्न आपण आपल्या विहाराच्या दारात विचारायचा काय? मग बडोद्याच्या जिन्यावरच्या लाठ्यांत आणि आपल्यात अंतर उरते ते फक्त लाठीचे.

आणि यजमानाचे दुसरे कर्तव्य पाहुण्यालाही लागू आहे. नानहून निघायच्या दिवशी आईने पहाटे उठून दोन्ही चादरी घडी करून ठेवल्या, न्हाणीघर धुतले, केराची पिशवी बांधून दाराशी ठेवली. मी म्हटले, “आई, खोली झाडायला इथे बाई आहे.” ती म्हणाली, “ठाव हाय मला. पैसे खोलीचे दिलेस बाबा, तिच्या कमरंचे न्हाई.” खोली झाडणारी ती तरुण बाई म्यानमारहून कामासाठी आलेली होती. मालकीण तिला पगार देत होती, पण गल्ल्यावरून तिच्याशी बोलताना हात जोडीत नव्हती. आईने निघताना तिला हात जोडले. तेव्हा तिनेही हातातला झाडू खाली ठेवून हात जोडले. दुसऱ्याच्या श्रमावर न विचारता भार टाकणे हेही न दिलेले घेणेच होय. दुसऱ्या शीलाचा हा अर्थ मी कोणत्याही ग्रंथातून शिकलो नव्हतो.

धम्मबंधूंनो, थायलंडला जाण्याइतका पैसा आपल्यातील थोड्यांपाशीच आहे, आणि हा धडा घेण्यासाठी तेथे जाण्याची गरजही नाही. अशोक विजयादशमीला नागपुरात आणि ६ डिसेंबरला मुंबईत लाखो माणसे येतात. त्या शहरांतील आपली कितीतरी कुटुंबे अनोळखी माणसांना घरात, ओसरीवर, गच्चीवर जागा देतात, चहा-भाकरी देतात, आणि कोणी कोणाचे मूळ विचारीत नाही. त्या दोन दिवसांत आपला शेजार तसाच असतो जसा मी वर वर्णिला. वर्षाचे उरलेले दिवस त्या दोन दिवसांसारखे करणे, एवढेच आपल्या हाती आहे आणि तेच कठीण आहे.

घरातील मुलांना तीन गोष्टी आजपासून सांगाव्यात. दारात आलेल्याचे नाव विचारावे, मूळ विचारू नये. कोणी काही देऊ लागला तर ताटली पुढे करावी, मागे घेऊ नये. आणि जेथे राहू, मग ते एका रात्रीपुरते का असेना, तेथून निघताना आपल्या मागे आवरणाऱ्या हातांची आठवण ठेवावी. समता आपल्याला मिळाली की नाही हे दुसऱ्यांच्या दारात कळते. समता आपल्यात आली की नाही हे मात्र आपल्याच दारात कळते.

जय भीम.